सोशल मीडियावर अनोळखी माणूस पैसे मागतो तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न वाचकांनी पुन्हा पुन्हा पाठवलेले आहेत. बरेचसे पैसे गेल्यानंतर, रात्री उशिरा येतात आणि त्यांच्या शेवटी एक ओळ असते: "घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही." तुमचे पैसे आत्ताच गेले असतील तर हे वाचत बसू नका. आधी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा, मग प्रश्न १२ वर या.

१. फेसबुकवर एक अनोळखी माणूस पैसे मागतोय. सगळ्यात आधी काय करू?

पैसे पाठवू नका आणि उत्तरही देऊ नका. चार शब्द सुनवायचा मोह होतो, पण उत्तर गेलं की या खात्यामागे बोलणारा माणूस आहे एवढं त्याला कळतं आणि पुढच्या वेळी तो दुसऱ्या नावाने, दुसरी गोष्ट घेऊन येतो. मेसेज, प्रोफाइल आणि दिलेला यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट घ्या, प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा, मग रिपोर्ट करा आणि शेवटी ब्लॉक करा. क्रम हाच ठेवा. आधी ब्लॉक केलं तर पुष्कळदा ते पान पुन्हा उघडत नाही आणि पुरावा हातचा जातो.

पैसे गेले नसले तरी कळवता येतं. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर मार्च २०२४ पासून 'चक्षू' ही सोय आहे. संशय आलेला फोन, एसएमएस किंवा व्हॉट्सॲप मेसेज तिथे नोंदवायचा.

२. मेसेज अनोळखी माणसाचा नाही, माझ्या जुन्या सरांच्या नावाने आलाय. फोटोही त्यांचाच. खरा की खोटा?

हा प्रकार सगळ्यात जास्त चालतो, कारण माणूस अनोळखी वाटतच नाही. संवाद साधारण असा असतो: "कसा आहेस? नंबर दे ना तुझा." नंबर दिला की, "गूगल पे वापरतोस? माझं आज चालत नाहीये. १५ हजार पाठव, उद्या सकाळी परत करतो." मग एक क्यूआर कोड येतो. स्कॅन केल्यावर भलतंच नाव दिसतं. विचारलं तर, "हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या मुलाचं आहे, तू पाठव." दुसरी गोष्ट फर्निचरची: "माझा मित्र सीआरपीएफमध्ये आहे, बदली झालीय, फ्रिज, सोफा, एसी अगदी स्वस्तात देतोय." ही गोष्ट बहुधा शिक्षक, डॉक्टर, निवृत्त अधिकारी अशा विश्वासाच्या माणसांच्या नावावर चालवली जाते.

तुमच्या मित्रयादीत ते नाव शोधा. एकाच नावाची दोन प्रोफाइल दिसली आणि एकावर सगळे फोटो एकाच दिवशी चढवलेले असले, तर ते बनावट. मेसेज जुन्याच संभाषणाच्या खाली आला असेल, तर सरांचं खरं खातं कुणीतरी बळकावलंय. दोन्ही वेळा खात्री करायची रीत एकच: तुमच्या फोनमध्ये आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर फोन करा. मेसेजमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. सर उचलत नसतील तर घरच्यांना करा, शाळेत करा. "फोन बिघडलाय, इथेच बोल" असं उत्तर आलं की तिथेच थांबा. खऱ्या अडचणीतला माणूस तुम्ही फोन केल्याबद्दल रागावत नाही.

३. पण मी फोनवर आवाज ऐकला. भाच्याचाच होता. तरी शंका घ्यायची?

हो. रील किंवा व्हॉइस नोटमधल्या थोड्याशा आवाजावरून तसाच आवाज आता यंत्राने तयार करता येतो. त्यात "मामा, अपघात झालाय, पोलीस शेजारीच उभे आहेत" एवढीच दोन वाक्यं, मागे गोंगाट आणि रडणं, म्हणजे नीट ऐकायला सवड मिळत नाही. फोन ठेवा आणि भाच्याच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः लावा. लागला नाही तर त्याच्या आईला किंवा खोलीतल्या मित्राला लावा. घरात एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवणं मला मनापासून गरजेचं वाटतं, विशेषतः मुलं पुण्याला किंवा परदेशात आणि आईवडील गावी असतील तर.

४. माझ्याच नावाने बनावट प्रोफाइल काढून लोकांकडे पैसे मागतायत. मी पासवर्ड बदलला, तरी थांबत नाही.

पासवर्ड बदलून थांबणार नाही, कारण तुमचं खातं हॅक झालेलंच नाही. तुमचा फोटो आणि उघडी मित्रयादी, एवढ्यावर त्याचं काम भागतं. आधी व्हॉट्सॲप स्टेटसवर आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर स्पष्ट लिहा: "माझ्या नावाने कुणी पैसे मागत असेल तर तो मी नाही." सोबत बनावट प्रोफाइलची लिंक द्या आणि ती उघडून 'दुसऱ्याचं सोंग' या कारणाखाली रिपोर्ट करायला सांगा. मित्रयादी फक्त स्वतःला दिसेल अशी ठेवा. सायबर पोर्टलवर तक्रारही करा (पत्ता प्रश्न १२ मध्ये). उद्या कुणी "तूच मागितलेस" म्हणालं तर तुमच्याजवळ तारखेसह नोंद असेल. अशा तोतयेगिरीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ ड आहे.

५. माझं व्हॉट्सॲप दुसऱ्याच्याच हातात गेलंय आणि तो माझ्या मैत्रिणींकडे पैसे मागतोय.

बहुधा तुमच्याकडून सहा आकडी कोड काढून घेतला गेलाय, किंवा चांदणी आणि हॅशची चिन्हं असलेला एखादा नंबर डायल करायला लावून तुमचे कॉल दुसरीकडे वळवलेत. आधी फोनवरून ##००२# डायल करा, म्हणजे सगळं कॉल फॉरवर्डिंग रद्द होईल. मग आपल्याच नंबरने व्हॉट्सॲपची पुन्हा नोंदणी करा. नवा कोड टाकला की तो बाहेर फेकला जातो. त्याने दुहेरी पडताळणीचा पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला आत यायला सात दिवस थांबावं लागतं, पण कोड टाकल्यापासून त्यालाही ते खातं वापरता येत नाही. तोवर साध्या फोनने आणि एसएमएसने सगळ्यांना कळवा. खातं हाती आलं की दुहेरी पडताळणी स्वतः चालू करा.

६. आजारी बाळाचा फोटो, "ऑपरेशनला दोन लाख कमी पडतायत" आणि खाली क्यूआर कोड. खरं असेल तर? शंका घ्यायचीच लाज वाटते.

शंका घेण्यात लाजण्यासारखं काही नाही. तुमचा रुपया बाळापर्यंत पोचावा म्हणूनच तुम्ही विचारताय. अशा पोस्टमधला फोटो कित्येकदा खऱ्याच बाळाचा असतो, कुठल्यातरी जुन्या खऱ्या आवाहनातून उचललेला. बदललेला असतो तो फक्त क्यूआर कोड. म्हणून फोटो बघून हळहळणं आणि खात्री होणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

फोटो गूगल लेन्समध्ये टाकून बघा. तोच चेहरा दुसऱ्या नावाने, दुसऱ्या शहरात सापडला तर प्रश्न मिटला. नाही सापडला, तर रुग्णालयाचं नाव, रुग्णाचं पूर्ण नाव आणि भरती क्रमांक विचारा. मग रुग्णालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरचा नंबर लावून समाजसेवा अधीक्षकांशी बोलायचंय असं सांगा. रुग्णाचा तपशील ते तुम्हाला देणार नाहीत, द्यायलाही नको. पण "या रुग्णाच्या बिलासाठी पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात भरायचे आहेत, कसे भरू?" या प्रश्नाला उत्तर मिळतं. रुग्ण तिथे असला की पैसे भरायची वाट निघते, नसला की तेही कळतं.

पोस्ट टाकणाऱ्यालाही हेच सांगा: "मी रुग्णालयाच्या खात्यात भरतो." खऱ्या नातेवाइकाला हे चालतं, बहुतेकदा हायसंच वाटतं. समोरचा चिडला, "बाळ मरेल, तुम्ही चौकशा करत बसा" म्हणाला, तर पाठवू नका. मात्र एक लक्षात असू द्या. औषधं, प्रवास, रुग्णालयाबाहेर राहणं यांचे पैसे रुग्णालयाच्या खात्यात भरता येत नाहीत. तिथे त्या गावातला, ओळखीचा कुणी प्रत्यक्ष जाऊन बघेल का ते पाहा.

संस्थेच्या नावाने आवाहन असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक मागा आणि खातं संस्थेच्याच नावावर आहे का ते बघा. विश्वस्ताच्या किंवा 'कार्यकर्त्या'च्या वैयक्तिक यूपीआयवर देणगी देऊ नका.

७. चौकशी केली, माणूस खरंच गरजू निघाला. माझ्याजवळ फार पैसे नाहीत. पाचशे रुपयांपलीकडे काय करू शकतो?

पुष्कळ, आणि म्हणूनच हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांच्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली हे बंधन आहे. मोठमोठ्या नामांकित रुग्णालयांनाही ते लागू आहे, पण दारात उभ्या असलेल्या कुटुंबाला ते ठाऊक नसतं. रेशनकार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन समाजसेवा अधीक्षकांना भेटायचं. नकार मिळाला तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, सुरुवात त्यांच्यापासून करायची. मुख्यमंत्री सहायता निधीकडेही अर्ज करता येतो. एखाद्या कुटुंबाला ही कागदपत्रं गोळा करून देणं, तहसीलला सोबत जाणं ही फार मोठी मदत आहे. खोटा माणूस ही मदत कधीच घेत नाही, त्याला फक्त यूपीआय हवं असतं.

८. "चुकून तुमच्या नंबरवर ५,००० गेले, प्लीज परत करा" असा मेसेज आलाय. परत करायला नकोत का?

आधी बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघा, आलेला एसएमएस नाही. 'खात्यात जमा' असा एसएमएस कुणीही साध्या मोबाइलवरून टाइप करून पाठवू शकतो. पाठवणारा दहा आकडी नंबर दिसला तर तो बँकेचा नाही.

पैसे खरंच आले असतील तरी स्वतः होऊन परत पाठवू नका. ते दुसऱ्या कुणाकडून फसवून वळवलेले असू शकतात, आणि तुम्ही तिसऱ्याच खात्यात "परत" केले की त्या साखळीत तुमचं नाव येतं (त्याचे परिणाम प्रश्न १५ मध्ये). मागणाऱ्याला सांगा, "तुमच्या बँकेत तक्रार करा, माझ्या बँकेने विचारलं की मी संमती देतो." तुमच्या बँकेलाही लेखी कळवा. तोवर त्या पैशाला हात लावू नका.

९. ऑनलाइन जुना पलंग विकायला काढला. घेणारा म्हणतो, "पैसे मिळायला हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका."

यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही, स्कॅनही लागत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला 'कलेक्ट रिक्वेस्ट', म्हणजे ॲपमधूनच पैशाची मागणी, पाठवायची सोयही बंद झालीय, म्हणून आता भर क्यूआर कोडवर आहे. हा घेणारा पुष्कळदा स्वतःला सैन्यातला सांगतो, गणवेशातलं ओळखपत्र पाठवतो आणि पलंग न बघताच भाव कबूल करतो.

१०. परदेशातल्या मित्राने पाठवलेलं पार्सल दिल्ली विमानतळावर अडकलंय. कस्टमवाल्या बाईंचा फोन आला, ३५ हजार भरायला सांगतायत.

पार्सल नाही, कस्टमच्या बाईही नाहीत. सीमाशुल्क विभाग कुणाच्याही वैयक्तिक खात्यात पैसे मागत नाही. पहिली रक्कम भरलीत की "आत परकीय चलन सापडलंय" म्हणून दुसरी मागतील, मग दंडाची तिसरी. तो मित्र महिनोन्‌महिने रोज "जेवलीस का?" विचारत होता, म्हणून हे मानायला जड जातं, ते मी समजू शकते. पण ते विचारणंही याच कामाचा भाग होतं, आणि अशा फसवणुकीत अडकणारी माणसं मूर्ख नसतात. आधी पैसे भरलेले असतील तर अजून भरून ते सुटणार नाहीत. प्रश्न १२ प्रमाणे लगेच तक्रार करा.

११. एका मुलीचा व्हिडिओ कॉल आला. आता ते रेकॉर्डिंग सगळ्यांना पाठवीन म्हणून पैसे मागतायत. मला जगावंसं वाटत नाहीये.

आत्ता या क्षणी एका माणसाला सांगा: भाऊ, बहीण, मित्र, कुणीही. तेवढंही जमत नसेल तर १४४१६ ला, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा. ती मोफत आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीतही बोलता येतं. तुम्ही एकटे नाही. या सापळ्यात कॉलेजची मुलं सापडलीत, सत्तरीतले आजोबाही सापडलेत.

आता पैशांचं. एक रुपयाही देऊ नका. दिलेत तर मागणी थांबत नाही, तुम्ही देता हे कळल्यामुळे वाढते. कधी मागाहून 'पोलीस अधिकारी' किंवा 'यूट्यूबचा अधिकारी' म्हणून फोन येतो: मुलीने आत्महत्या केलीय, तुमच्यावर गुन्हा नोंदवतोय. तोही त्याच टोळीतला. 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्ट भारतीय कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर कुणालाही अटक होत नाही आणि पोलीस फोनवर दंड घेत नाहीत.

मेसेज, नंबर, यूपीआय आयडी जपून ठेवा, मग ब्लॉक करा. फेसबुक, इन्स्टाग्राम काही दिवस निष्क्रिय करा, म्हणजे त्यांना मित्रयादी मिळणार नाही. पोलिसांत तक्रार करा. ही सरळ खंडणी आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८, आणि तक्रारदार तुम्ही आहात. चित्र पसरण्याची भीती असेल तर 'स्टॉप एनसीआयआय' या मोफत सेवेत त्याचा अंकी ठसा, म्हणजे त्या चित्राची आकड्यांतली ओळखखूण, नोंदवता येतो. चित्र तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही, आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून ते अडवतात. वय अठराच्या आत असेल तर त्यासाठी 'टेक इट डाउन' ही सेवा आहे, आणि १०९८ ही बालकांची हेल्पलाइन.

१२. पैसे गेले. आता मिनिटामिनिटाला काय करू?

१९३० लावा. लागला नाही तर लावत राहा, आणि दुसऱ्या फोनवरून घरातल्या कुणालातरी त्याच वेळी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार भरायला बसवा. हाताशी एवढं हवं: तुमचा बँक खाते क्रमांक, रक्कम, वेळ, समोरच्याचा यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक, आणि व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे संदर्भ क्रमांक. यूपीआयमध्ये तो बारा आकडी असतो आणि ॲपमध्ये तो व्यवहार उघडला की दिसतो.

घाई का, ते सांगते. १९३० वर नोंदवलेली तक्रार थेट त्या बँकेपर्यंत जाते जिथे तुमचे पैसे पोचलेत, आणि तिथे ते अजून असले तर रोखले जातात. पुढच्या खात्यात गेले असतील तर पुढच्या बँकेला निरोप जातो. तिकडे टोळीही बसलेली असते. पैसे एका खात्यातून चार खात्यांत फोडायचे आणि एटीएममधून काढायचे हेच तिचं काम. रोख निघाली की रोखायला काही उरत नाही. म्हणून "उद्या बँक उघडल्यावर बघू" म्हणू नका. रविवार असो, गणपती विसर्जन असो, फोन तेव्हाच करा.

फोननंतर एसएमएसने तक्रार क्रमांक येतो. २४ तासांच्या आत पोर्टलवर त्याच क्रमांकाखाली पूर्ण तक्रार भरा. आपल्या बँकेलाही लेखी कळवा आणि पोच घ्या. पोलीस ठाण्यात "हे आमच्या हद्दीत येत नाही" असं ऐकावं लागलं तर शांतपणे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगा. गुन्हा कुठेही घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते.

१३. बँक म्हणते, "पिन तुम्ही स्वतः टाकलात, आमची जबाबदारी नाही." रिझर्व्ह बँकेचा तीन दिवसांचा नियम आहे ना?

जुलै २०१७ च्या त्या परिपत्रकाचा लोक चुकीचा अर्थ लावतात. चूक ना तुमची ना बँकेची, तुमच्या नकळत व्यवहार झाला आणि बँकेचा निरोप आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर भार नाही, असं ते सांगतं. फसून का होईना, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत तर या आधारावर भरपाई मिळणं अवघड असतं. पण तुम्ही कळवल्यानंतरही खात्यातून पैसे गेले तर ती जबाबदारी बँकेची. वेळेसह पोच हवी ती यासाठीच. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

१४. फक्त ५०० रुपये गेलेत. एवढ्यासाठी तक्रार करू?

करा. तुमचे ५०० ज्या खात्यात गेले त्यात आणखी कित्येकांचे येत असतात, आणि त्या तक्रारी एकत्र जुळल्यावर ते खातं नजरेत येतं.

१५. फसवणूक मी केलेली नाही, उलट मोबाइल विकला आणि पैसे खात्यात आले. आता माझंच खातं गोठलंय!

तुम्हाला आलेले पैसे कुणाच्या तरी फसवणुकीतले असतील, आणि त्या माणसाने तक्रार केल्यावर साखळीतल्या रकमा रोखल्या गेल्या. बँकेकडून तीन गोष्टी लेखी मागा: कोणत्या पोलीस ठाण्याची तक्रार, तिचा क्रमांक, आणि वादातली रक्कम. मोबाइलचं बिल, विक्रीचं संभाषण आणि कुरिअरची पावती त्या तपास अधिकाऱ्याला ईमेलने पाठवा, आणि रोख फक्त वादातल्या रकमेपुरता ठेवावा, बाकी खातं खुलं करावं असा अर्ज करा. ठाणं दुसऱ्या राज्यातलं असलं तर वेळ लागतो. चिवटपणे पाठपुरावा करावा लागतो.

एक वेगळी गोष्ट इथेच सांगते. "तुझं खातं वापरायला दे, महिन्याला दहा हजार देतो" असा मेसेज कॉलेजच्या मुलांना फार येतो. हे खातं भाड्याने देणं आहे आणि अटक होऊ शकते. मुलांशी घरात हे बोला.

१६. इन्स्टाग्रामवर एक 'सायबर तज्ज्ञ' म्हणतो, ४ हजार फी द्या, गेलेले पैसे परत आणतो.

देऊ नका. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात आणि हा माणूस तिथूनच येतो. १९३० ला, पोर्टलला, लोकपालाला, कशालाच फी नाही. रोखलेली रक्कम परत मिळवायला न्यायालयाचा आदेश लागला तर तपास अधिकाऱ्याकडूनच प्रक्रिया समजून घ्या.

१७. वडिलांनी कुणालातरी पैसे पाठवलेत. आता विचारलं तर गप्प बसतात.

"तुम्हाला कळत कसं नाही?" हे वाक्य घरात कुणीही उच्चारू नका. ते गप्प आहेत कारण तेच वाक्य ते मनात स्वतःला सारखं ऐकवतायत. शेजारी बसा, म्हणा, "बाबा, तक्रार करूया, मी फॉर्म भरतो, तुम्ही फक्त सांगा." फोन काढून घेऊ नका. काढून घेतलात तर पुढच्या वेळी ते लपवतील, आणि लपवण्यातच वेळ जातो. त्यांना चालत असेल तर यूपीआयची दैनिक मर्यादा कमी करा आणि मोठी रक्कम वेगळ्या, यूपीआय न जोडलेल्या खात्यात ठेवा.

१८. पैसे नाही पाठवले, पण आधार आणि पॅनचे फोटो पाठवून बसले. आता?

आधारच्या अधिकृत ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करा, म्हणजे बोटाच्या ठशावर कुणाला पैसे काढता येणार नाहीत. संचार साथीवर तुमच्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर असला तर तिथेच 'माझा नाही' म्हणून कळवा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्या वर्षातून एकदा तुमच्या कर्जांचा पूर्ण पतअहवाल मोफत देतात. एकदम चारही मागवण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी एकेक मागवा, म्हणजे तुमच्या नावावर कुणी कर्ज काढलंच तर वर्षभर लक्ष राहील. न घेतलेलं कर्ज दिसलं तर त्या कंपनीकडे वाद नोंदवा, कर्ज देणाऱ्याला लेखी कळवा आणि तीच पोच सायबर तक्रारीला जोडा.